मीराच्या लग्नात तिची आई का झोपली

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाय. बायकोला सांगितलं नाय, लेकीला नाय. ज्याच्यासोबत सारी हयात बांबू उचलले त्या रशीदभाईलाही नाय. देवळात गेलो तवा देवालाही सांगितलं नाय — तो बघतच होता म्हणा. तुम्हाला सांगतोय. का? तर तुम्ही माझ्या घरी जेवलेले नाय, माझ्या बायकोला वहिनी म्हणलेले नाय. अनोळखी माणसापुढं तोंड उघडायला सोपं जातं. हाही भित्रेपणाच. मला कळतं.

माझी बायको रुखमन. मागच्या हिवाळ्यात गेली. शहरात गारखेड्यात लेकीच्या घरी दुपारची मेथी निवडत बसली होती. शेजारच्या बाईला कुठल्यातरी भाजीवाल्याचा किस्सा सांगत होती, हात हवेत उडवत. किस्सा अर्धा राहिला अन् हात खाली आला. डॉक्टर म्हणले, काळीज थांबलं. पण बाई जागी गेली — बोलता बोलता, डोळे टक्क उघडे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? त्यात लई आहे. जिनं अर्धं आयुष्य डोळ्यावरची झोप ओढत काढलं, ती जागेपणी गेली. मी तर म्हणतो जिंकून गेली. अन् कुणाला हरवून गेली, तेच सांगायला बसलोय.

तेराव्याचं जेवण चालू होतं. गोडाचं झालं, माणसं सैल झाली. जावयाचा भाऊ वाढता वाढता म्हणला, "मावशी म्हणजे लई भारी बाई! सख्ख्या पोरीच्या लग्नात झोपली होती, आठवतं का?" सारी पंगत हसली. वाईट वाटून नाय, मायेनं हसली. आमच्या घरातला हा जुना विनोद आहे, प्रत्येक लग्नाकार्यात निघतो. मीरा, माझी लेक, रडत होती, ती पण रडता रडता हसली.

मी पण हसलो.

त्या हसण्यानं मला बसू दिलं नाय. म्हणून हे कागद.

सरळ सांगायला जमत नाय. फिरून फिरून येतो. जरा दम धरा.

रुखमनला फिट यायची, लहानपणापासून. माहेरच्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत कळलं. आम्ही दौलताबादचे, किल्ल्याच्या पायथ्याला घर. अंगणात जोंधळा पाखडत होती. सूप हातातून उडालं अन् ती आडवी. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला. कुणी माझ्या कानात म्हणलं, फसवलंय तुला, माघारी पाठव. मी पाठवली नाय. गावात नाव झालं — दादाराव म्हणजे देवमाणूस. मला ते नाव लई आवडलं. नवा सदरा घालून फिरावं तसा मी ते नाव घालून फिरायचो. पाठवली नाय ते तिच्यासाठी का नावासाठी? खरं सांगायचं तर आज मलाच सांगता येत नाय.

मग शहरातल्या सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली. बारकी, पांढरी, रोज निजताना घ्यायची. फिट जवळपास गेलीच. वर्षाकाठी एखादी आली तर आली. दवाखान्याच्या दारात नारळ फोडायचा तेवढा राहिला होता. पण गोळीनं फिट नेली अन् सोबत बाईचा दिवसही नेला. ती सकाळी उठायची, पण उठलेली नसायची. पीठ मळता मळता हात परातीत तसाच अन् मान खाली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडायची, मग विचारायची, "काय म्हणत होते मी?" विहिरीवर गेली तर कळशी भरून तिथंच टेकून बसायची. एकदा मी विचारलं, होतं काय नेमकं? तर म्हणली, "अंगावर वली गोधडी टाकल्यावानी होतं बघा. मी उचलून फेकते, ती पुन्हा येऊन पडते."

गावानं तिला झोपाळी नाव ठेवलं. मी गावाच्या पुढं. म्हणायचो, "रुखमनबाई, किल्ल्यावरची तोफ उडवू का उठायला?" ती डोळे न उघडता म्हणायची, "उडवा. पण आधी चहा मांडा."

अशी बाई. झोपेत पण उलट उत्तर तयार.

आता एक कबुली देतो — ही ती मोठी नव्हं, बारकी. दवाखान्यात डॉक्टर विचारायचे, गोळी चालू केल्यापासून कसं काय? उत्तर मी द्यायचो. ती माझ्या मागं उभी, पदर तोंडाला. मी म्हणायचो, एकदम चांगलं साहेब, फिट नाय काही नाय. झोपेचं कधी काढलं नाय. का नाय काढलं? एक म्हणजे, गोळी बदलतील अन् फिट परत येईल ही धास्ती. अन् दुसरं — झोपाळलेली बायको भांडते कमी. हे लिहिताना हात थांबला होता. पण लिहिलं. खरं आहे.

आमचा धंदा मांडवाचा. मी अन् रशीदभाई खुलताबादवाला. बांबू, दोऱ्या, कनाती, झालरी, सतरंज्या. खुलताबाद, दौलताबाद, वेरूळकडच्या वाड्या-वस्त्या — कुणाचंही लग्न असो, मांडव आमचा. निकाह असला की रशीदभाई पुढं, आमच्यातलं असलं की मी पुढं. मांडववाल्याला कुणी माणूस समजत नाय. तो खांबाजवळ उभा असतो, त्याच्यासमोर लोक सगळं बोलतात. लग्नं कशी जुळतात, कशी मोडतात, मी खांबाजवळून पाहिलेलं आहे.

एका लग्नात नवरीच्या मावशीला भर मांडवात फिट आली. मी दोरी आवळत होतो. नवऱ्याकडची बायामाणसं उठून उभी राहिली. एक म्हणली, "ह्यांच्या रक्तातच आहे का काय?" झालं. तेवढ्या एका वाक्यावर वऱ्हाड बैलगाड्यांत बसलं. जेवणाच्या पंगती तशाच मांडलेल्या. आम्ही मांडव सोडला तवा नवरी हळदीच्या अंगानं ओट्यावर बसली होती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाय. मला पण पोरगी होती.

मीराचं जमलं. चांगलं स्थळ, शहरातलं, मुलगा कंपनीत कामाला. रुखमन म्हणली, "त्यांना सांगून टाका. उगा मागून कळलं तर पोरीला बोल लागतील." तिच्या माहेरच्यांनी लपवलं होतं, त्याचं तिला आयुष्यभर ओझं. मी म्हणलो, लग्न होऊ दे, मग बघू. ती वाद घालत बसली नाय — डोळ्यावर गोधडी होतीच. एवढंच म्हणली, "बरं. पण कन्यादानाला मी बसणार. पाणी माझ्या हातानं पडणार." मी म्हणलो, व्हय. बस. दुसरं कोण बसणार?

लग्नाच्या आधीच्या दिवसांत घर भरलं. जात्यावरची गाणी, पाहुणे, पापड, हळद. रुखमन झोपेशी झुंजत होती. तोंडावर गार पाणी मारायची, हिरवी मिरची चावायची. अन् जिंकायची पण! हळदीच्या दिवशी तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता इतका उघडा होता. पोरीला हळद लावताना मीच बघत राहिलो. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, हिची झोप मोडू देऊ नका, झोप मोडली की फिट येते. अन् झोप तर मोडतच होती. हळदीच्या संध्याकाळी तिच्या हातातून कप पडला. नुसता पडला नाय, हात झटकल्यासारखा झाला अन् कप उडाला. मला ते झटकणं ओळखीचं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. ती म्हणली, "काही नाय हो. हात वला होता."

माझ्या डोळ्यापुढं ती ओट्यावरची नवरी आली.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी रुखमनसाठी मी चहा केला. मी कधी चहा करत नसायचो. ती हसली, म्हणली, "आज सूर्य वेरूळकडून उगवला का?" मी गोळ्या कुटून त्या चहात घातल्या होत्या. एकीच्या जागी जास्त. किती, ते मला तवा पण नीट कळलं नाय, मूठभर भीतीनं घातल्या. आलं ठेचून घातलं, साखर दाबून घातली. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कडू लागतोय." मी म्हणलो, आलं जास्त पडलं. ती म्हणली, "तुमच्या हातचा पहिला चहा, कडू असला तरी पिणार." अन् बशी चाटूनपुसून प्याली.

हे केलं मी. माझ्या हातानं. मला वाटलं होतं थोडी सुस्त राहील, कोपऱ्यात बसेल, फिट यायची नाय. असं वाटलं होतं — पण खरंच तसंच वाटलं होतं का? का मला ती मांडवात नकोच होती? मी हे स्वतःला लई वेळा विचारलं. उत्तर दरवेळी तेच येतं, अन् ते चांगलं नाय. मला ती मांडवात नको होती.

पोरीला न्हाऊ घातलं. रुखमन मागच्या खोलीत लुगडं नेसायला गेली. नवं लुगडं, घडी मोडायची होती. बराच वेळ झाला, बाई बाहेर येईना. आत जाऊन बघितलं तर लुगड्याची घडी छातीशी धरून भिंतीला टेकून झोपलेली. बायांनी हलवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडायची, "आले, आले" म्हणायची, पुन्हा मान पडायची. मंगलाष्टका सुरू झाल्या. रशीदभाई कनातीआडून माझ्याजवळ आला. "दादाराव, भाभी किधर है? टैम हो गया ना."

तवा ते खोटं मी पहिल्यांदा बोललो. म्हणलो, गोळ्या चुकून जास्त घेतल्या तिनं. गडबडीत.

रशीदभाईनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! आजच्याच दिवशी?"

व्याह्यांना सांगितलं, ताप चढलाय. भटजी म्हणले, यजमान एकटे बसतात, मग कमरेला सुपारी लावा. बायको नसली तर तिच्या जागी सुपारी — असतं तसं. माझ्या कमरेला सुपारी खोचली. बायको पलीकडच्या खोलीत जिवंत, अन् मी सुपारीसोबत पोरीचं कन्यादान केलं. पाणी एकट्या माझ्या हातून पडलं. पोरगी मान खाली घालून बसली होती, तिच्या डोळ्यातलं पाणी त्याच ताटात पडत होतं.

पाठवणीच्या वेळी मीरा आईजवळ गेली. आईच्या अंगावर पडून रडली. रुखमन झोपेतच तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती अन् म्हणत होती, "आले गं, आले." बँड वाजत पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ती उठली. अंगणात आली. मांडव अजून उभा होता. मला विचारलं, "मुहूर्ताला किती वेळ आहे अजून?"

ते वाक्य मला रोज ऐकू येतं.

तवा तरी सांगायचं होतं की नाय? सांगता आलं असतं. ओरडली असती, माहेरी गेली असती, तिचा हक्क होता. मी म्हणलो, "रुखमन, तू गोळ्या जास्त घेतल्या. काल झोपलीस. पोरगी गेली." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाय? दहा गोष्टी विसरणारी बाई, त्यात ही अकरावी. कुणावर न चिडता ती मागं जाऊन चुलीपुढं बसली. मग डबी घेऊन आली अन् माझ्या हातात दिली. "आजपासून गोळी तुम्हीच देत जा. माझा भरवसा नाय."

दिली मी. वर्षानुवर्षं. रोज निजताना माझ्याच हातानं, अन् ती हात पुढं करायची. त्या घेण्याइतकं मला दुसऱ्या कशानंच कापलं नाय.

इथपर्यंत माझं. आता तिचं ऐका, कारण खरी गोष्ट तिची आहे.

बरीच वर्षं गेली. मांडवाचा धंदा रशीदभाईच्या पोरांच्या हाती गेला, लोखंडी पाइप आले, आम्ही दोघं गारखेड्यात मीराकडं राहायला आलो. मीराला आईचं झोपणं आता जवळून दिसलं. ती एक दिवस तिला नव्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मी पण सोबत. डॉक्टर पोरगीच होती, नातीएवढी. मी नेहमीसारखं सुरू केलं, एकदम चांगलं आहे — तर ती म्हणली, "आजोबा, तुम्ही थांबा. आजी, तुम्ही सांगा. दिवसा कसं वाटतं?"

रुखमननं माझ्याकडं पाहिलं. मग पदर तोंडावरून काढला अन् बोलायला लागली. बाई थांबेचना! ती गोधडी सांगितली, परात सांगितली, विहीर सांगितली. डॉक्टर लिहीत होती. म्हणली, ही आळशीपणाची झोप नाही आजी, ही गोळीची झोप आहे. जुन्या गोळीनं होतं असं. मेंदू शांत करते, पण इतका शांत करते की दिवसा पण अंमल उतरत नाही.

मीरानं हसत हसत लग्नाचा किस्सा सांगितला. आई माझ्या लग्नात झोपली होती, गोळ्या जास्त घेतल्या होत्या. डॉक्टर हसली नाय. म्हणली, "नशीब थोर. ह्या गोळ्या फार झाल्या तर श्वास थांबतो. माणूस उठतच नाही."

मी बाकड्यावर बसलो होतो. तवा मला पहिल्यांदा कळलं, त्या चहात मी काय घातलं होतं.

अन् रुखमन म्हणली, "माझीच चूक होती बाई. हाताला भान नव्हतं."

मी गप्प बसलो. तोंड उघडायला याहून मोठा दरवाजा कुणाला मिळतो? गप्प बसलो.

गोळी बदलायची ठरली. एकदम नाय — डॉक्टरनं दम दिला, जुनी अचानक थांबवायची नाही, हळूहळू कमी, नवी हळूहळू जास्त. महिने लागले. सुरुवातीला उलटं झालं. नव्या गोळीनं तिची झोपच उडाली. अन् राग! साऱ्या आयुष्याचा साठलेला राग. जावयावर चिडली, टीव्हीवर चिडली, पंख्यावर चिडली. मला म्हणली, "तुम्ही घास चावता का रवंथ करता? चाळीस वर्षं ऐकतेय." म्हणजे झोपेत पण ऐकत होती! मीरा घाबरून डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं गोळीच्या वेळा मागंपुढं केल्या, म्हणली थोडा दम धरा. धरला.

अन् एका सकाळी मी उठलो तर रुखमन माझ्याआधी उठलेली. गॅलरीत उभी. केस विंचरलेले. मी विचारलं, काय झालं? म्हणली, "काही नाय. सकाळ बघतेय. किती लांब असते हो सकाळ!"

त्यानंतर ती थांबलीच नाय. गल्लीतल्या सगळ्या पोरांची नावं तिला पाठ. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचं गॅस सिलिंडर कधी संपतंय, सगळं माहीत. मग एक दिवस म्हणली, किल्ला चढायचाय. किल्ल्याखाली संसार केला, पण कधी वर गेली नव्हती. फिटवाली बाई, पडली तर? असं म्हणून मीच जाऊ दिलं नव्हतं. डॉक्टरला विचारलं, ती म्हणली, सोबत कुणी असू द्या, चढू द्या. प्रगती — आमची नात, मीराची पोरगी — सोबत होती. मी मागून धापा टाकत. अंधारी लागली, ती वटवाघळांची वळणावळणाची वाट, दिवसा पण काळोख. प्रगती म्हणली, आजी, भीती वाटते का? रुखमन म्हणली, "अगं, अंधारातच राहिले की इतकी वर्षं. चल." माथ्यावर गेली. खाली आमचं जुनं घर माचिसच्या पेटीएवढं दिसत होतं. तिनं कमरेवर हात ठेवला अन् गावाकडं बघून मोठ्यानं ओरडली, "ए झोपाळ्यांनो! उठा की!"

आजूबाजूचे पर्यटक बघायला लागले. मी पण बघत होतो. माझी छाती भरून आली. माझा त्यात काडीचा वाटा नव्हता, तरी भरून आली.

घरी आल्यावर तिनं हात पुढं केला. मला वाटलं, गोळी मागतेय. तर म्हणली, "डबी द्या. आता माझी मी घेणार." दिली. त्यानंतर जाईपर्यंत तिची एक गोळी चुकली नाय. एक जास्त नाय, एक कमी नाय. मी चोरून बघायचो. तीच बाई, तेच हात.

मग प्रगतीचं लग्न निघालं. पोराकडचे बघायला आले. बैठक बसली, ताटल्या आल्या. मी आत मीराला हळूच म्हणलो, आईचं आजाराचं आत्ताच काढायला नको. मी सुधारलो नव्हतो, हे पण लिहून ठेवतो. अन् बाहेरून रुखमनचा आवाज आला. खणखणीत.

"एक सांगते पाहुणे. मला फिटचा आजार हाये. लहानपणापासनं. गोळ्या चालू हायेत, बरी हाये. पोरीला काही नाय, पण तुम्ही काय विचारायचं ते आत्ताच विचारा, मागून कुजबुज नको."

मी दाराला धरून उभा. आता उठतील. आता चपला घालतील.

पोराची आजी पोहे खात होती. घास गिळून म्हणली, "अवो विहीणबाई, इथं बसलेल्यातल्या प्रत्येकाला काय काय हाये ते सांगायला लागलो तर पोहे गार होतील. मला शुगर, ह्यांना बीपी, पोराच्या बापाला रागाचा आजार. लिंबू हाये का?"

सगळे हसले. लिंबू दिलं. लग्न ठरलं.

एवढंच होतं. एवढंच! ज्या भीतीपायी मी तिला झोपवलं, ती एका लिंबाच्या फोडीत विरघळली. तवाचे दिवस वेगळे होते, असं कुणी म्हणेल. असतील. मला त्याच्यामागं लपायचं नाय.

प्रगतीच्या लग्नात रुखमन जागी होती. आदल्या दिवशी हळदीनंतर, डॉक्टरनं सांगितलं तसं, पाहुण्यांना हाकलून वेळेवर झोपली, अन् मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तयार. जांभळं लुगडं, नाकात नथ. बँडपुढं नाचली. रशीदभाई काठी टेकत आला होता, त्याला म्हणली, "भाईसाब, बघा, आज जागी हाये!" तो म्हणला, "भाभी, आज तो दुलहन से ज्यादा तुमच चमक रे!" कन्यादानाला मीरा अन् जावई बसले. पाणी सोडायची वेळ आली तसा मीरानं मागं हात केला, आईला पुढं ओढलं. "आई, तू पण धर." तांब्यावर मीराचा हात, त्यावर रुखमनचा. पाणी पडलं. रुखमननं मान वर केली अन् सगळ्या मांडवावरून नजर फिरवली — कुस्ती मारलेला पैलवान फिरवतो तशी.

पाठवणी झाली. ती पण तिनं उभ्यानं केली. मग खुर्चीत येऊन बसली, पाय पसरले अन् मला म्हणली, "बघितलं का? तवा चुकले होते. आज नाय चुकले."

मी काय म्हणायला पाहिजे होतं, ते मला माहीत होतं. शब्द तोंडात होते. ती हसत होती, नथ हालत होती. मी म्हणलो, "व्हय."

ह्या "व्हय"नंतर पण ती लई वर्षं होती. रोज जागी, रोज माझ्यासमोर. अन् मी रोज गप्प. चहात गोळ्या घालणं एका सकाळचं. हे गप्प बसणं माझ्या साऱ्या आयुष्याचं.

सुरुवात अनोळखी माणसापुढं केली, पण हे कागद उद्या मीराच्या हातात देणार आहे. तिनं वाचावं, पंगतीत मोठ्यानं वाचावं, फाडावं, मला घराबाहेर काढावं — तिचं ती बघेल. मी काही मागत नाय.

पण तो विनोद आता ह्या घरात पुन्हा निघायला नको. रुखमन कधीच चुकली नव्हती. एकदाही नाय. हळदीपासून मुहूर्तापर्यंत ती झोपेला हरवत आली होती, त्या दिवशी पण हरवणारच होती. मीरा, तुझ्या लग्नात तुझी आई झोपली नाय. तिला मी झोपवली.